गृहविज्ञान : कांजीची बरणी

उत्तर भारतात थंडी ओसरू लागली, की घराघरांतून कांजीच्या बरण्या उन्हात मांडल्या जातात. त्या भागात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे पेय परिचयाचे असेलच. काळी गाजरे, मोहरीची पूड, मीठ आणि पाणी यांवाचून त्याला काही लागत नाही. काही दिवसांतच पाणी आंबट होऊन त्याला सुरेख जांभळा रंग चढतो. पण कधी कधी बुरशी धरते, पाणी बुळबुळीत होते, कुबट वास सुटतो आणि सारे ओतून द्यावे लागते. दोष बहुधा गाजरांना वा हवेला दिला जातो. बरणीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

1856 साली फ्रान्समधील लील येथे बीटपासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदारापुढे असेच संकट होते. त्याची काही पिंपे नीट आंबत, काही नासत. त्याने लुई पाश्चर यांचे साहाय्य मागितले. सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या द्रवात यीस्टचे गोलसर कण दिसले, तर नासलेल्या द्रवात काडीसारखे निराळेच जीव. मौज अशी, की लील येथे नको असलेले ते लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जंतूच आपल्या कांजीला हवे असतात! ते गाजरांबरोबर आपोआप येतात. मागील खेपेच्या उरल्यासुरल्या जंतूंनी त्यांची जागा आधीच अडवू नये, यासाठी बरणीची काळजी घ्यावयाची.

धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. चिकटलेल्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. म्हणून पहिले काम अपुरे राहिले, तर दुसरे व्यर्थ जाते. गरम पाणी, साबण किंवा थोडा धुण्याचा सोडा आणि लांब दांड्याचा ब्रश एवढे साहित्य पुरे. बरणीचा गळा, झाकणाचे आटे आणि रबरी कडे विशेष निगुतीने घासावे. क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याची मात्र अनेकांना हौस असते. फेस पुष्कळ येतो, पण दोन्ही एकमेकांचा गुण मारतात. चरे पडलेली प्लास्टिकची बरणी या कामी घेऊच नये.

काचेची लहान बरणी तळाशी फडके घातलेल्या पातेल्यात थंड पाण्यात ठेवून मग तापवावी आणि पाणी उकळू लागल्यावर दहा मिनिटे ठेवावी. पातेल्यात न मावणाऱ्या मोठ्या बरणीसाठी सुगंधरहित ब्लीच वापरता येते. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास छापलेले असेल, तर 1 लिटर थंड पाण्यात 4 मिलिलिटर, म्हणजे चहाचा पाऊण चमचा, पुरेसे होते. हे पाणी त्याच दिवशी तयार करावे, बरणीत दहा मिनिटे ठेवावे आणि ओतून दिल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याने बरणी दोनदा विसळावी. क्लोरीन मागे राहिले, तर पेयास औषधासारखा वास येतो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावरही बेतू शकतो. ज्या दिवशी व्हिनेगरने डाग काढले, त्या दिवशी बरणी भरपूर पाण्याने धुतल्याखेरीज ब्लीचला हात लावू नये.

आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देतात. तिने बरणी कोरडी होते आणि वासही छान येतो, म्हणून ती अवश्य द्यावी; पण उकळत्या पाण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. शेवटी बरणी स्वच्छ कापडावर पालथी घालून आपोआप निथळू द्यावी. स्वयंपाकघरातील हात पुसण्याच्या फडक्याने ती आतून पुसली, तर सारी मेहनत वाया जाते.