सत्कार पुरे, आता शिकवा!

डॉ. हिंमतराव बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण रायगडकरांनी अभिमानाच्या पोस्टी टाकल्या. मीही टाकली. आज जरा कडू बोलतो.

बावस्करांनी केलं काय? महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात लाल विंचू चावलेली माणसं यायची. घाम, उलट्या, थंडगार हातपाय, मग फुफ्फुसात पाणी आणि खेळ खलास. हा माणूस खाटेशी बसून नाडी, रक्तदाब टिपत राहिला. पुढे रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली: प्राझोसिन. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले पंचवीस-तीस जायचे. गोळी वेळेत मिळू लागली आणि ते प्रमाण एखाद-दुसऱ्यावर आलं.

आता माझी गोष्ट. एमबीबीएस होऊन बॉण्डवर किनाऱ्यावरच्या एका आरोग्य केंद्रात गेलो. तिसऱ्याच रात्री विंचू चावलेला पोरगा आला. अंग बर्फ, शर्ट घामाने चिंब. मी ॲव्हिल आणि डेक्सा भरायला घेतलं. सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, त्यानं काय होणार नाही. महाडची गोळी देऊया ना?"

पोरगा वाचला. माझ्या डिग्रीने नाही, सिस्टरांच्या अनुभवाने. त्यांची महिन्याभरापूर्वी बदली झाली असती तर?

तिथे ईसीजी मशीनही होतं, प्लास्टिकच्या कव्हरात. छातीत जळजळतंय म्हणणाऱ्याला आपण 'गॅस' म्हणून गोळी देऊन घरी पाठवतो. पहिला ईसीजी साधा दिसला तरी दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा काढायचा असतो, हे मला नोकरीत शिकावं लागलं. फवारणीचं औषध प्यायलेल्याचे कपडे आधी उतरवा, अंग धुवा, छातीतली घरघर थांबेपर्यंत ॲट्रोपिन द्या, हेही.

कोणी म्हणेल, १०८ आहे की! आहे. पण श्रीवर्धन-म्हसळ्याचे घाट आणि आपला तो मुंबई-गोवा महामार्ग, सांगायला हवं का? पहिला तास आरोग्य केंद्रातच जातो. इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला २००९ मध्ये मान्यता मिळाली, चांगलंच झालं. पण ते डॉक्टर प्रत्येक केंद्रात बसणार नाहीत. तिथे बसणार माझ्यासारखा नवखा, ज्याने इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टी जेमतेम दोन आठवडे पाहिली.

म्हणून मागणी साधी आहे. रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पहिल्या नाइट ड्युटीआधी आठवडाभर प्रत्यक्ष प्रशिक्षण द्या: विंचू, साप, कीटकनाशक, ईसीजी. सिस्टरांनाही सोबत बसवा, आणि शिकवायलाही बोलवा. दर महिन्याला दगावलेल्या पेशंटच्या केसेसवर मोकळी चर्चा करा, दोष शोधायला नाही, शिकायला. अलिबागला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. यासाठी नवी इमारत नको, टेंडर नको.

कदाचित म्हणूनच कोणी करत नाही.

जिल्हा परिषदेच्या पुढच्या सभेआधी आपापल्या सदस्याला एकच विचारा: आमच्या केंद्रातल्या डॉक्टरला हे कोणी शिकवलंय का?