मिटल्या डोळ्यांपुढे

आई जाऊन वीस वर्षे झाली. ताई म्हणते, ‘डोळे मिटले की आई समोर उभी राहते, कपाळावरच्या गोंदणासकट.’ मी इतकी वर्षे नुसती मान डोलावत आलो. गेल्या दिवाळीत मात्र खरे सांगून टाकले, की माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे आजवर कोणीच उभे राहिलेले नाही. नुसता अंधार असतो. ताईचा चेहरा उतरला. ‘म्हणजे तू आईला विसरलास?’

‘डोळ्यांसमोर उभे राहणे’ माझ्या कादंबऱ्यांत जागोजाग आहे. पण साठी उलटेपर्यंत मी तो निव्वळ वाक्प्रचार समजत होतो. लोकांना खरोखरीच काही दिसते, हे ठाऊकच नव्हते!

या गैरसमजात मी एकटा नाही. १८८० साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने लोकांना त्या सकाळचे न्याहारीचे टेबल आठवायला सांगितले आणि ते किती स्पष्ट, किती रंगीत दिसते असे विचारले. काहींना ते प्रत्यक्षासारखे लख्ख दिसले. त्याने विचारलेल्या बऱ्याच शास्त्रज्ञांना मात्र असे काही असते हेच पटेना. २०१५ मध्ये एक्सेटर विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराला ‘अफँटेशिया’ असे नाव दिले. हा आजार नव्हे. शंभरात एखादा माणूस असा असतो. झगझगीत वस्तू मनात आणली की इतरांच्या डोळ्यांतली बाहुली आकसते, अशा माणसांची आकसत नाही, असेही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. तेव्हा आम्ही थापा मारतो, असे कोणी म्हणू नये.

मग आठवते कसे? बँकेत असताना चेकवरची सही जराशी वेगळी असली, की नमुना सहीचे कार्ड काढण्याआधीच माझा हात थबकायचा. पण तीच सही डोळे मिटून पाहायला सांगितली असती, तर एक रेघही दिसली नसती. ओळखणे वेगळे, मनात चितारणे वेगळे. कल्पनाशक्ती तर त्याहून निराळी. ॲनिमेशनपट काढणाऱ्या ‘पिक्सार’चे एक संस्थापक एड कॅटमल यांनाही मनात चित्र दिसत नाही. म्हणून ‘डोळे मिटा, सूर्योदय पाहा आणि लिहा’ असे वर्गात सांगणाऱ्या बाईंना माझी विनंती आहे, की एखादे पोर गोंधळून बघत राहिले तर त्याला मठ्ठ ठरवू नका. त्याला सूर्योदयाचे आवाज विचारा, गारवा विचारा.

परवा ताईकडे गेलो. म्हटले, ‘ताई, आई वाढताना “अर्धीच आहे” म्हणायची आणि अख्खी भाकरी टाकायची. तोंडाने “घे रे, घे” चालूच. बांगड्या ताटाच्या काठाला लागायच्या.’

ताई बराच वेळ गप्प होती. ‘बांगड्यांचं मी विसरलेच होते,’ ती म्हणाली.

‘आणि लुगडं कोणतं असायचं?’

‘हिरवं. बारीक काठाचं.’