ओरांडा कुणाचं संकट घेत नाही

घरातला गोल्डफिश मेला की "आपल्यावरचं संकट त्याने अंगावर घेतलं" असं म्हणायची एक पद्धत आपल्याकडे पडली आहे. फेंगशुईवाले आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवायला सांगतात. काळा मेला तर उत्तमच, दुसरा आणायचा. गिरगावापासून लालबागपर्यंत इतक्या घरांत हे ऐकलंय की आज या वीकांताला लिहूनच टाकतो. मंडळी, तो मासा बहुतेक वेळा अमोनियाने मरतो.

या नऊ जणांत बऱ्याचदा असतो तो ओरांडा. गुबगुबीत अंग, झिरझिरीत दुहेरी शेपटी आणि डोक्यावर तुतीसारखा मांसल मुकुट. हा मुकुट वयाबरोबर वाढतो, त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटमधून पिशवीत आणलेल्या पिल्लाला तो नीट दिसतही नाही. 'ओरांडा' म्हणजे जपानीत हॉलंड. मासा मूळचा चीनचा, पण त्या काळी जपानात परदेशी माल म्हणजे डच माल, म्हणून हे नाव. आपल्याकडे मेक्सिकोतली चिंच 'विलायती' झाली, तसंच. काळा, चॉकलेटी, निळसर, ठिपक्यांचा कॅलिको असे प्रकार असतात. पांढऱ्या अंगावर फक्त डोकं लाल असलेला रेडकॅप माझा सगळ्यात लाडका.

तर मुद्दा अमोनियाचा. मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून सतत बाहेर टाकत असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. काचेच्या गोल बाऊलमध्ये फिल्टरच नसतो. आणि जिथे असतो तिथे दर रविवारी आपण तो नळाखाली लख्ख धुतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात, माशाचे कल्लेही भाजतात. क्लोरीन घालवणाऱ्या औषधाची छोटी बाटली दुकानात मिळते, पण ती घ्यायची कुणाला आठवण?

त्यात आपली मुंबई. ओरांडाला १८ ते २४ अंश तापमान मानवतं. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. मे महिन्यात हा हिशोब माशाच्या जिवावर येतो, कारण गरम पाण्यात त्याला ऑक्सिजन जास्त लागतो आणि अमोनियाही अधिक जहाल होतो. मग तो वर येऊन तोंड उघडझाप करतो. घरचे म्हणतात, "भूक लागलीय बिचाऱ्याला," आणि अजून चिमूटभर दाणे टाकतात. झालं, अजून अमोनिया!

"आजीला बरं वाटतं तर तुझं काय जातं?" असं मला विचारलं गेलंय. माझं भांडण आजीच्या श्रद्धेशी नाही. मरण हीच शुभवार्ता ठरली की ते कशाने आलं हे कुणी शोधत नाही, ही माझी तक्रार. आमच्या धंद्यात रोज रात्री सर्व्हर पडला आणि मी म्हणालो, "सर, कंपनीवरचं संकट त्याने घेतलं," तर माझी नोकरी राहील का? आम्हाला लॉग काढून दाखवावे लागतात राव.

बरं, जागेचा प्रश्न खरा आहे. ओरांडा आठ इंचांपर्यंत सहज वाढतो, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. एकट्याला ऐंशीएक लिटर पाणी हवं, म्हणजे नुसतं पाणीच ऐंशी किलो. दहा बाय बाराच्या खोलीत जिथे कपाट, दिवाण आणि देवघर आधीच एकमेकांना खेटून उभे आहेत, तिथे तो ठेवू नये असंच मी सांगेन. त्यापेक्षा लहान टँकमध्ये चार गप्पी ठेवा. डासांच्या अळ्या खायला महापालिका जे विहिरींत सोडते तेच. आपल्या उकाड्यात मजेत राहतात. पण परळला गिरणीच्या जागेवरच्या टॉवरात, क्रिकेट खेळता येईल एवढ्या हॉलमध्येही बाऊलच दिसतो, त्याचं काय करायचं? रोम शहराने २००५ मध्ये गोल बाऊलवर बंदीच घातली. आमच्या पिढीने निदान मासे पाहिले ते १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात, मोठाल्या टाक्यांत. २०२० मध्ये कोविडमुळे तेही बंद झालं. असो.

आता गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी एक. शेजारच्या काकूंकडे किल्ली देताना दाण्यांची डबी देऊ नका. काकू मायेने दिवसातून तीनदा घालतील, आणि गोल्डफिशला जठरच नसतं. मोठा, धडधाकट मासा आठवडाभर न खाता आरामात राहतो. एवढंच सांगा, "काकू, खायला काही घालू नका, फक्त फिल्टर चालू आहे ना ते बघा."