काथ्या, काच आणि पेणचे हात

पेणच्या गणपती कारखान्यात साच्यात प्लास्टरचा पहिला थर दिला की त्यावर नारळाचा काथ्या बसवतात आणि वरून पुन्हा प्लास्टर देतात. नुसतं प्लास्टर धक्क्याला तडकतं. काथ्याचे धागे त्याला धरून ठेवतात. फायबरग्लासच्या होडीचं तंत्रही हेच. काथ्याच्या जागी काचेचे धागे, प्लास्टरच्या जागी रेझिन. घडवलेली वस्तू अलगद सुटावी म्हणून साच्याला आतून बुळबुळीत लेपाचा हात फिरवण्याची रीतसुद्धा दोन्हीकडे आहे. जुन्या शिडाच्या होड्यांचे डेक नीट दुरुस्त करणारे कारागीर घडवायचे असतील, तर त्यासाठी पेण तालुक्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही.

फायबर कुजत नाही, असं सगळेच म्हणतात. काच कुजत नाही हे खरं. पण लहान शिडाच्या होडीचा डेक बहुतेक वेळा भरीव नसतो. वर-खाली फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा, प्लायवुड किंवा फोमचा गाभा अशी ती रचना असते. त्यामुळे डेक वजनाला हलका आणि पायाखाली ताठ राहतो. कठड्याचे खांब, दोर अडकवायचे खुंटे, डोलकाठीचे ताण धरणाऱ्या पट्ट्या हे सगळं या डेकला भोकं पाडून बसवलेलं असतं. पंधरा-वीस वर्षांत त्या बोल्टांभोवतीचं सीलंट वाळतं, भेगाळतं आणि पाणी थेंबाथेंबाने गाभ्यात उतरतं. वरून रंग चकचकीत असतो. आत लाकडाचा चिखल झालेला असतो.

जाणकार माणूस हे कानाने ओळखतो. हातोडीच्या दांड्याने डेकवर ठोकत जायचं. धड जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. सडलेल्या जागी बद्द. खडूने त्या जागेची हद्द आखली की हातभर वाटलेलं दुखणं कितीदा तरी अर्ध्या डेकभर पसरलेलं निघतं.

इथेच आडवाटेचा मोह पडतो. डेकला बारीक भोकं पाडायची, सिरिंजने रेझिन आत सोडायचं, वरून रंग मारायचा. ओल्या, कुजलेल्या लाकडाला रेझिन धरत नाही. दोन हंगामांत डेक पुन्हा पायाखाली दबतो आणि मालकाचे पैसे दोनदा जातात. खरी दुरुस्ती घामाची आहे. वरचा थर बेताच्या खोलीने कापून अखंड उचलायचा, कुजका गाभा खरवडून काढायचा आणि आतली बाजू पूर्ण वाळू द्यायची. मग नवा गाभा दाट केलेल्या इपॉक्सीत बसवायचा आणि उचललेला थर परत जागेवर चिकटवायचा. सांध्याच्या कडा उभ्या ठेवून चालत नाही. थराच्या जाडीच्या साधारण बारापट रुंद उतार घासून त्यावर काचेचं कापड थरावर थर चढवावं लागतं. जुन्या, वाळून कडक झालेल्या थरावर पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सीची पकड कितीतरी घट्ट असते. मात्र इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून शेवटी रंगाचं आवरण हवंच.

आणि बोल्टांची भोकं! ती आधी मोठी करायची, इपॉक्सीने भरायची आणि त्या भरावात नव्याने पाडायची. म्हणजे उद्या सीलंट हरलं तरी पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. सगळ्या दुरुस्तीतली ही सर्वांत स्वस्त पायरी. नेमकी तीच गाळली जाते आणि सगळं मुसळ केरात जातं.

कोकणात आणखी एक अडचण आहे, ती हवेची. होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून दुरुस्तीही तेव्हाच उरकायची घाई असते. नारळी पौर्णिमा डोळ्यांसमोर असते. पण आषाढ-श्रावणातल्या हवेत गाभा वाळत नाही आणि दमट हवेत धरलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो धुतला नाही तर पुढचा हात चिकटत नाही. हे काम दिवाळीनंतरचं आहे. त्यासाठी मालकाने हंगामातले काही आठवडे सोडायला हवेत आणि कारागिराने तसं त्याला स्पष्ट सांगायला हवं.

नीट बांधलेली, नीट राखलेली बोट काय करू शकते याचं उदाहरण गोव्यात आहे. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडी गाभ्यावर फायबर चढवून बांधलेल्या ‘म्हादेई’ने २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांना एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा घडवली. पाठोपाठ २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी तिच्यातूनच, कुठेही न थांबता, फिरून आले. तिथेच बांधलेली ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना घेऊन जगाला वळसा घालून आली आणि २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोन नौदल अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा.

उलट टाकून दिलेल्या फायबर होडीचं काय करायचं, याचं उत्तर सोपं नाही. एकदा कडक झालेलं रेझिन वितळवून पुन्हा वापरता येत नाही आणि जाळलं तर विषारी धूर होतो. लाकडी होडीची निदान चूल पेटते. फायबरची होडी खाडीकाठी पडून राहते आणि तिचा चुरा चिखलात मिसळतो. म्हणून डेकची दुरुस्ती ही केवळ हौशी शिडवाल्यांची बाब नाही. हेच हात मासेमारीच्या फायबर होड्यांनाही लागणार आहेत.

जिल्ह्यातल्या आयटीआयनी यासाठी तीन-चार महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू करावा. त्यात मास्क, हातमोजे आणि खेळती हवा पहिल्या दिवसापासून सक्तीची असावी. काचेची धूळ छातीत जाते आणि इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही. कोळीवाड्यांबरोबर डोंगराकडच्या गावांतल्या मुलामुलींनाही तिथे जागा ठेवावी. पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे असंच एक गाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे जन्मलेल्या विनोबांनी हाताच्या कामाला शिक्षणाचा गाभा मानलं. शिकवायला दांडेकरांसारख्या बोटबांधकाम करणाऱ्यांकडचे कारागीर आणि पेणचे साचेकार एकत्र बोलवावेत, सरावासाठी खाडीकाठी पडलेली एखादी जुनी होडी ओढून आणावी, आणि पहिल्या दिवशी मुलांच्या हाती रेझिनचा डबा न देता एक हातोडी आणि खडू द्यावा.