फुकटचा सराव आणि विकतची गुणवत्ता

व्यवस्थापन-शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांसाठी गरीब घरच्या विद्यार्थ्यांना सराव-परीक्षांचे संच विनामूल्य पुरवावेत, अशी मागणी अनेक कार्यकर्त्यांच्या तोंडी ऐकू येते. मागणी सद्हेतूची आहे आणि तात्पुरता उपाय म्हणून तिला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु तिच्या पोटात जे गृहीत दडलेले आहे, ते न तपासता ती पुढे रेटणे म्हणजे प्रतिपक्षाच्या मैदानावर त्याच्याच नियमांनी खेळायला उतरणे होय. ते गृहीत असे की, परीक्षा मुळात निःपक्षपाती आहे; केवळ तयारीची साधने विषम वाटली गेली आहेत; ती सारखी वाटली की न्याय झाला.

आयआयएम संस्थांच्या ‘कॅट’ परीक्षेचेच उदाहरण घ्यावे. 2024 साली या परीक्षेत 68 प्रश्न होते : इंग्रजी आकलनाचे 24, माहिती-विश्लेषण व तर्काचे 22 आणि गणिताचे 22. प्रत्येक विभागाला 40 मिनिटे. एक विभाग संपला की मागे वळून पाहता येत नाही. म्हणजे इंग्रजीच्या एका प्रश्नाला, उतारा वाचण्याचा वेळ धरून, 100 सेकंद. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीच्या पर्यायाला एक गुण वजा. निकाल लागतो तो पर्सेंटाइलमध्ये. 99 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातील 99 प्रश्न सुटले असे नव्हे. शंभर परीक्षार्थींपैकी 99 मागे राहिले, इतकाच त्याचा अर्थ. अलीकडच्या काळात एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास गुण मिळवूनही ही पायरी गाठता आलेली आहे.

अशा परीक्षेत प्रश्न सोडवण्याइतकीच प्रश्न सोडून देण्याची विद्या मोलाची ठरते, आणि ही विद्या पुस्तकात मिळत नाही. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर तीन गुण मिळण्याची शक्यता एक-चतुर्थांश आणि एक गुण गमावण्याची तीन-चतुर्थांश. अपेक्षित लाभ नेमका शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर तोच लाभ प्रश्नामागे एक-तृतीयांश गुण होतो. ज्याने तीस-चाळीस सराव-परीक्षा दिल्या आहेत, त्याच्या हे हाडीमाशी भिनलेले असते. कोणत्या प्रश्नाला दहाव्या सेकंदाला राम राम ठोकावा, हे तो जाणतो. हिंगोलीचा किंवा गडचिरोलीचा वाणिज्य पदवीधर पहिल्यांदाच त्या पडद्यासमोर बसतो आणि कठीण प्रश्न प्रामाणिकपणे सोडवीत राहतो. त्याला गणित येत नाही असे नाही. तो हरतो तो खेळाच्या अज्ञानामुळे. (कठीण प्रश्न झटकन टाकून देणे हाच ज्यांचा पहिला धडा, ते पुढे कामगारांचे प्रश्न कसे हाताळत असतील, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

इथवर विनामूल्य सरावाचा आग्रह धरणारे म्हणतील : मग हे अज्ञान दूर करणेच योग्य नव्हे काय? योग्यच आहे. पण सरावाला संच लागतो तसा वेळही लागतो. एक परीक्षा दोन तासांची. तिच्या चुकांचा हिशेब मांडायला आणखी तीन तास. चाळीस परीक्षा म्हणजे 200 तास, आठ तासांच्या पाळीने मोजले तर कामाचे 25 दिवस. संच फुकट मिळाला तरी हे पंचवीस दिवस फुकट मिळत नाहीत. वडिलांच्या उत्पन्नावर निर्धास्त असलेला विद्यार्थी ते सहज खर्चू शकतो. दिवसा दुकानात हिशेब लिहून रात्री अभ्यास करणाऱ्याला ते आपल्या झोपेतून किंवा मजुरीतून काढावे लागतात. शिकवणीच्या धंद्याने या परीक्षेचा जो बाजार मांडला आहे, त्यात शुल्क दिसते, हा वेळ दिसत नाही. आणि त्या शुल्कावर सरकार रुपयामागे 18 पैसे वस्तू व सेवा कर घेते, म्हणजे विषमतेच्या उलाढालीत शासनाचाही वाटा आहे.

आता उलट कल्पना करावी. समजा, उद्या संच आणि वेळ दोन्ही सर्वांना सारखे मिळाले. कॅटला सुमारे तीन लाख परीक्षार्थी बसतात. त्यांतील निम्म्यांनी जरी प्रत्येकी 200 तास दिले, तरी तीन कोटी तास होतात. त्यातून सर्व आयआयएममध्ये मिळून एकही जागा वाढत नाही. 1976 साली फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने अशा वस्तूंचे विवेचन केले होते, ज्यांचे मोल त्या दुसऱ्याकडे नसण्यातच असते. पर्सेंटाइल ही त्या जातीची शुद्ध वस्तू आहे. सगळ्यांचा सराव वाढला की कोणाचाच क्रमांक वाढत नाही. वाढतो तो फक्त स्पर्धेत टिकून राहण्याचा खर्च. आज तीस संच पुरत असतील, तर उद्या साठ लागतील. शासनाने तीस फुकट दिले, तर धनिकाचा मुलगा उरलेले तीस विकत घेईल. या शर्यतीत सरकारी अनुदान नेहमी एक मैल मागेच राहणार.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. परीक्षा नको तर काय हवे? चिठ्ठी, वशिला, देणगी? या देशात लेखी परीक्षेने पुष्कळांना ओळखीवाचून दार उघडून दिले, ही गोष्ट समाजवाद्यांनी कधीही विसरता कामा नये. परीक्षा मोडीत काढा, असे येथे सुचवायचे नाही. परंतु चाळणी प्रामाणिक आहे म्हणून तिची भोके योग्य मापाची आहेत, असे सिद्ध होत नाही. 68 पैकी 24 प्रश्न इंग्रजी आकलनाचे. उतारे इंग्रजी वैचारिक निबंधांच्या धाटणीचे. असे वाचन ज्या घरात, ज्या शाळेत लहानपणापासून होते, तेथील मुलाला सराव-परीक्षा धार लावून देते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्याला ती केवळ आपण किती मागे आहोत, हे दर रविवारी आकड्यांत सांगते. ‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द 1958 साली ज्या मायकेल यंगने रूढ केला, त्याने तो उपहासाने वापरला होता. ब्रिटनच्या मजूर पक्षाचा 1945 चा जाहीरनामा लिहिणारा हाच गृहस्थ. उपहास गळून पडला आणि शब्द मात्र प्रतिष्ठित झाला.

चाळणीच्या पलीकडे काय आहे, तेही पाहिले पाहिजे. 1961 साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे पहिल्या दोन आयआयएम सार्वजनिक पैशातून निघाल्या. 2004 च्या आरंभी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी त्यांचे वार्षिक शुल्क दीड लाखावरून 30,000 वर आणण्याचा आदेश काढला, तेव्हा ‘स्वायत्तता धोक्यात’ असा गिल्ला झाला. त्याच वर्षी सत्तांतर होऊन आदेश मागे घेतला गेला. 2008 साली अहमदाबादने दोन वर्षांचे शुल्क साडेअकरा लाख केले. आज ते वीस लाखांच्या वर आहे. जोशी यांच्या पक्षाचे राजकारण कोणास कितीही अमान्य असो, त्या प्रसंगी शुल्ककपातीच्या बाजूने पुरोगाम्यांनी उभे राहायला हवे होते. कर्ज काढून शिकलेला पदवीधर सल्लागार कंपनीत किंवा गुंतवणूक बँकेत जातो, यात त्याचा दोष किती? दूध संघाला किंवा सूतगिरणीला तो परवडत नाही आणि दूध संघ त्याच्या कर्जाच्या हप्त्याला परवडत नाही.

भाषेचा प्रश्न तर निव्वळ इच्छाशक्तीचा आहे. अभियंता होऊ पाहणाऱ्याला 2021 पासून जेईई मेन मराठीतून देता येते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला नीट मराठीतून देता येते. व्यवस्थापक होऊ पाहणाऱ्याला मात्र इंग्रजीवाचून दार नाही, जणू कारखान्याच्या फाटकावर कामगार इंग्रजीत भांडतो. कॅट दिल्लीच्या अखत्यारीतील संस्थांची म्हणून सोडून द्यावी, पण महाराष्ट्राची स्वतःची एमबीए सीईटी? 150 मिनिटांत 200 प्रश्न, आणि तीही इंग्रजीतूनच. येथे चुकीला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे वेगाचा जुगार आणखी मोठा. भाषेची क्षमता तपासायचीच असेल, तर कामगारांची तक्रार समजून घेऊन तिचा मराठीत गोषवारा लिहिता येतो का, हे का तपासू नये?

म्हणून फुकट संचांच्या निवेदनावर सह्या गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यात आणखी काही कलमे घालावीत. मागील सर्व प्रश्नपत्रिका मराठी स्पष्टीकरणांसह शासनाने स्वतः प्रसिद्ध कराव्यात, म्हणजे खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे राहणार नाहीत. परीक्षा मराठीतून देण्याची सोय करावी. प्रवेश मिळालेल्यांपैकी किती जण मराठी माध्यमाचे, किती जण शासकीय शाळांतले आणि किती जणांनी शिकवणी लावली होती, हे दरवर्षी जाहीर करणे संस्थांवर बंधनकारक करावे. आणि सार्वजनिक संस्थांतील जागा वाढवून शुल्कावर मर्यादा घालावी. ती नसेल तर बाकी सारी कलमे कर्जाच्या दारापाशी येऊन थांबतील. यांतील पहिल्या तीन गोष्टींसाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. राज्याच्या सीईटी कक्षाला ज्याचा आधार आहे, तो 2015 चा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळानेच केलेला आहे, आणि त्या कक्षाची कचेरी मुंबईतच आहे.