ऑलिंपसचं खातेवाटप

झ्यूस आकाशाचा देव, पोसायडन समुद्राचा, हेडीस पाताळाचा, अथीना बुद्धीची, एरिस युद्धाचा, अफ्रोडाइटी प्रेमाची, अपोलो सूर्याचा... हा तक्ता तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असणारच. डाव्या रकान्यात देव, उजव्या रकान्यात खातं. मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात येतं ना, अमक्याकडे गृह, तमक्याकडे महसूल, अगदी तसंच. क्विझवाले, कॉमिक्सवाले, गेमवाले, 'मुलांसाठी ग्रीक पुराणकथा' लिहिणारे, सगळे हाच तक्ता एकमेकांकडून कॉपी-पेस्ट करत आलेत.

तर मंडळी, माझं म्हणणं असं की हा तक्ता फाडून फेकून द्यावा. "सोपं करून सांगितलंय, एवढं काय मनावर घ्यायचं" हा बचाव मला मान्य नाही. सोपं करणं वेगळं आणि चुकीचं सांगणं वेगळं. दोनशे टेबलांचा डेटाबेस एका एक्सेल शीटमध्ये कोंबला आणि निम्म्या ओळी उडाल्या, तर त्याला कुणी 'युजर फ्रेंडली' म्हणत नाही.

आधी पोसायडन घेऊ. समुद्राचा देव, हातात त्रिशूळ, विषय संपला? आर्केडिया हा ग्रीसमधला चहूबाजूंनी डोंगर असलेला, समुद्र न लागणारा भाग. तिथल्या मँटिनिया गावाजवळ पोसायडनचं मोठं ठाणं होतं. गावाला समुद्र नाही, बंदर नाही, मग हा देव तिथे करतो काय? तर तिथे तो 'हिप्पिओस' आहे, म्हणजे घोड्यांचा. आणि जवळजवळ सगळ्या ग्रीसमध्ये तो जमीन हादरवणारा आहे. इ.स.पू. ४६४ च्या सुमारास स्पार्टामध्ये भयंकर भूकंप झाला. लोकांनी त्याचं कारण काय लावलं? टायनारोनच्या पोसायडनच्या देवळात आश्रयाला आलेल्या हेलोट गुलामांना स्पार्टावाल्यांनी बाहेर ओढून मारलं होतं, म्हणून देव कोपला. थ्युसिडिडीससारख्या काटेकोर इतिहासकाराने ही समजूत नोंदवून ठेवली आहे. इ.स.पू. ३७३ मध्ये हेलिकी नावाचं अख्खं शहर भूकंपात आणि लाटेत गडप झालं, तेव्हाही बोट पोसायडनकडेच दाखवलं गेलं. आता सांगा, घोडे, भूकंप आणि समुद्र यांचं एक 'खातं' कसं करणार? भूमी, पशुसंवर्धन व बंदरे?

झ्यूसची तर गोष्टच सोडा. वीज पाडणारा आकाशातला राजा हे त्याचं एक रूप. पण अथेन्समधल्या साध्या माणसाचा रोजचा संबंध यायचा तो घराच्या अंगणातल्या झ्यूस हर्केओसशी, म्हणजे कुंपणाच्या, आवाराच्या झ्यूसशी. कोठीघरात झ्यूस क्तेसिओस, घरातल्या मालमत्तेचा राखणदार, आणि त्याची खूण म्हणजे एक मडकं! पिरेअस बंदरात झ्यूस मेइलिखिओसच्या नावाने वाहिलेल्या दगडी पट्ट्या सापडल्या आहेत, त्यांवर दाढीवाला राजाबिजा नाही, चक्क वेटोळं घातलेला मोठा नाग कोरलाय. आणि ऑलिंपियाच्या सभागृहात झ्यूस होर्किओस, शपथेचा झ्यूस, दोन्ही हातांत वज्र धरून उभा. खेळाडू, त्यांचे बाप, भाऊ आणि प्रशिक्षक रानडुकराच्या मांसाच्या तुकड्यांवर शपथ घ्यायचे की आम्ही स्पर्धेत लबाडी करणार नाही. मडकं, नाग, कुंपण, शपथ... 'आकाशाचा देव' या दोन शब्दांत यातलं काय बसतं?

अपोलो सूर्यदेव? सूर्याचा देव हेलिओस हा सरळ वेगळा देव आहे. ऱ्होड्स बेटावरचा तो प्रसिद्ध अजस्र पुतळा हेलिओसचा. इलियडच्या सुरुवातीला अपोलो येतो तो बाण मारून ग्रीक छावणीत साथ पसरवायला, आणि साथ थांबवायलाही त्यालाच साकडं घालावं लागतं. अपोलो म्हणजेच सूर्य हे समीकरण इ.स.पू. ५ व्या शतकापासून अधूनमधून डोकावतं आणि पुढे बऱ्याच उशिरा रूढ होतं. आर्टेमिस कुमारिका, रानात शिकार करणारी, पण बाळंतपणात बायका हाक मारायच्या तिलाच. अफ्रोडाइटी प्रेमाची नाजूक देवी ना? स्पार्टामध्ये तिची शस्त्रधारी मूर्ती होती. हेफेस्टस कारागिरांचा म्हणावं, तर अथीना एर्गाने हीसुद्धा कारागिरांची, आणि अथेन्समध्ये दोघं एकाच देवळात बसलेली. प्रायमरी कीच डुप्लिकेट!

आता कुणीतरी हात वर करणार. "अहो, पण इलियडमध्येच आहे की, तीन भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र, हेडीसला पाताळ." आहे ना, पंधराव्या सर्गात आहे. पण ते बोलतंय कोण आणि कधी, हेही बघा की. बोलतोय पोसायडन, आणि तो रागाने लाल झालाय. झ्यूसने त्याला युद्धातून मागे फिरायचा हुकूम पाठवलाय, आणि हा ऐकवतोय की तू थोरला असशील, पण आपण बरोबरीचे वाटेकरी. शिवाय त्याच दमात तो म्हणतो की जमीन आणि ऑलिंपस मात्र तिघांच्या सामाईक मालकीचे आहेत. म्हणजे ज्या वाटणीपत्राचा आधार घेऊन तक्ता बनवला, त्यातच सामाईक जमिनीचं कलम आहे, आणि ते भांडणातल्या एका पक्षकाराने सांगितलंय. भाऊबंदकीतलं भाषण उचलून कुणी सात-बारा म्हणून छापतं का?

'बारा ऑलिंपियन' ही यादीसुद्धा अशीच. बारा हा आकडा खरा, जुना. अथेन्सच्या बाजारचौकात इ.स.पू. ५२२ च्या सुमारास बारा देवांची वेदी बांधली गेली आणि तिथून अंतरं मोजत, नागपूरच्या झिरो माइलसारखी. पण बारा कोण हे सगळीकडे एकच नव्हतं. ऑलिंपियाला सहा वेद्यांवर जोडीजोडीने बारा देव, आणि त्यांत क्रोनोस, रिया आणि आल्फिओस ही तिथली नदी! (होय, ग्रीकांकडे नद्या देव असतात, पुल्लिंगी.) मग हेस्टियाने आपली जागा डायोनायससला देऊन टाकली ही गोड गोष्ट? ती आज उपलब्ध असलेल्या एकाही प्राचीन ग्रंथात नाही. रॉबर्ट ग्रेव्हजच्या १९५५ च्या पुस्तकातून ती सगळीकडे पसरली. दोन याद्या जुळत नव्हत्या म्हणून मारलेलं हे विसाव्या शतकातलं ठिगळ, आणि आज ते 'प्राचीन कथा' म्हणून खपतंय.

मग हा तक्ता आला कुठून? एक हात रोमनांचा. त्यांनी आपले देव ग्रीक देवांना जोडले, ज्युपिटर म्हणजे झ्यूस, मार्स म्हणजे एरिस, आणि पुढे युरोपाने ग्रीक कथा शतकानुशतकं लॅटिन नावांनीच वाचल्या. या जोडणीत काय सांडतं ते मार्सवरून कळतं. कॅटोच्या शेतीवरच्या ग्रंथात शेतकरी पिकं, गुरंढोरं आणि घरची माणसं सुखरूप राहावीत म्हणून प्रार्थना करतो ती मार्सची. आणि एरिस? इलियडमध्ये त्याचा बाप झ्यूस त्याला तोंडावर सांगतो की सगळ्या देवांत मला तुझाच जास्त तिटकारा आहे. या दोघांना 'युद्धाचा देव' असं एकच लेबल लावलं की झालं काम. दुसरा हात शाळेच्या पुस्तकांचा. देवांची पूजा थांबल्यावर उरल्या त्या कथा, चित्रं आणि पुतळे. चित्रातली बाई कोण हे ओळखायचं तर घुबड दिसलं की अथीना, मोर दिसला की हेरा. ओळखपरेडसाठी केलेली ही यादी हळूहळू धर्माचं वर्णन होऊन बसली. ग्रीकांकडे तर एकच एक धर्मग्रंथ नव्हता, सगळ्यांना बांधणारी पुरोहितांची संस्थाही नव्हती. हिरोडोटस म्हणतो की देवांच्या वंशावळी, उपाध्या आणि रूपं ग्रीकांना दिली ती होमर आणि हेसिअड या कवींनी. स्पेसिफिकेशन नसलेली, गावोगाव वेगळी चालणारी आणि तरीही हजारभर वर्षं धडधडत राहिलेली सिस्टिम होती ती.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी एवढा वैतागलोय. तक्त्यामुळे माहिती चुकते ते एक वेळ सोडून देऊ. तक्त्यामुळे भीती नाहीशी होते. ही माणसं या देवांना भीत होती, त्यांच्याशी बांधलेली होती, हेच आपण विसरतो.

इ.स.पू. ४१५. अथेन्सचं आरमार सिसिलीवर निघायच्या तयारीत. एका रात्रीत शहरातल्या बहुतेक सगळ्या हर्मीसच्या दगडी खांबमूर्तींची तोंडं कुणीतरी फोडली. तक्त्यात हर्मीस म्हणजे 'देवांचा निरोप्या', पंखवाल्या चपला घालणारा. एका कुरियरवाल्याची मूर्ती फुटली म्हणून शहर हादरतं का हो? पण अथेन्समध्ये हर्मीस दारोदारी उभा होता, उंबऱ्याचा, वाटेचा, प्रवासाचा राखणदार म्हणून. आरमार निघताना नेमकं प्रवासाच्या देवाचं तोंड फोडणं म्हणजे काय, हे प्रत्येकाला कळत होतं. धरपकड झाली, लोकांना देहदंड झाला, चौकशीत आणखी आरोप निघाले. सेनापती आल्किबिआडीसला मोहिमेवरून परत बोलावलं, तर तो पळून थेट शत्रूला, स्पार्टाला मिळाला. दोन वर्षांनी, इ.स.पू. ४१३ मध्ये, त्याच मोहिमेत माघार घ्यायची ठरलेल्या रात्री चंद्रग्रहण लागलं. ज्योतिषांनी सत्तावीस दिवस थांबायला सांगितलं, सेनापती निकिअसने ते मानलं आणि अथेन्सचं सैन्य आणि आरमार तिथेच संपलं. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवरच्या आरोपपत्रातलं पहिलं कलम होतं की शहर ज्या देवांना मानतं त्यांना हा मानत नाही. 'प्रेमाची देवी, दारूचा देव' छाप कार्टूनसाठी कुणी कुणाला विष पाजत नाही.

आणि हे आपल्याला कळायला सगळ्यात सोपं जायला हवं. ॲरिस्टॉटलच्या नावावरचं 'अथेन्सची राज्यघटना' हे पुस्तक इजिप्तमधल्या पपायरसवर सापडलं आणि १८९१ मध्ये छापलं गेलं. त्यात आर्कोनपदासाठी निवडलेल्या माणसाला काय विचारायचे ते दिलंय. बापाचं नाव काय, आजा कोण, आई कुठली, तिचा बाप कोण, आणि तुझा अपोलो पात्रोओस आणि झ्यूस हर्केओस आहे का, असला तर त्यांची ठाणी कुठे? वाचताना ओळखीचं वाटलं की नाही? "कुठले तुम्ही? कुलदैवत कुठलं?" जेजुरीच्या खंडोबाकडे कुठलं 'खातं' आहे असं आपण कधी विचारतो का? विठोबा 'गॉड ऑफ' काय आहे? तो पंढरपूरचा आहे, बस्स. परदेशी वेबसाइटवर 'गणेश : अडथळ्यांचा देव' असं वाचलं की आपल्या कपाळावर आठ्या चढतात. मग तेच आपण ग्रीकांचं करतो तेव्हा त्या आठ्या कुठे जातात? त्यांच्या बाजूने भांडायला कुणी उरलं नाही म्हणून?

"पण मुलांना सुरुवात कुठून करून द्यायची?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तरही अवघड नाही. 'कशाचा देव' ऐवजी 'कुठला देव' असं विचारायला शिकवा. कुणाचा, कुठल्या गावचा, कधी हाक मारायचे, काय वाहायचे? सामोसची हेरा म्हटलं की हिरोडोटसने पाहिलेल्या देवळांत सगळ्यात मोठं देऊळ समोर येतं. 'झ्यूसची संशयी बायको' म्हटलं की फक्त सासू-सून मालिका समोर येते. पोरांना पहिलं जास्त आवडेल, पैज लावतो. :-)

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे, शहरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली. रोमन जगाशी व्यापार चालायचा त्या काळी ती समुद्र ओलांडून, घाट चढून पंचगंगेकाठी आली. कधी गेलात तर जरूर बघा. आणि बघताना बरोबरच्या पोराला पटकन "हा समुद्राचा देव" असं सांगून पुढच्या कपाटाकडे जाऊ नका. थोडं थांबा, आणि त्याला सांगा की या देवाला लोक जमीन हलायला लागली की हाक मारायचे.