पूर आल्यावर देगा, ओसरल्यावर गप्प

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. त्या दिवसांत आपल्या पोरांनी होड्या ओढल्या, मशिदींत पूरग्रस्तांना उतरवले, देगा चढवल्या. कुणाचा धर्म विचारला नाही. त्याचा अभिमान आहेच. पण पाणी ओसरले, देगा घासून ठेवल्या आणि हे पाणी एवढे चढले कशाने, हा सवाल आपण पाण्याबरोबरच सोडून दिला. 2021 ला पुन्हा पूर, पुन्हा देगा.

सवाल सोपा नाही. सांगलीकर आलमट्टीकडे बोट दाखवतात. सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 साली सांगितले की 2019 च्या पुराला आलमट्टी जबाबदार नाही. इथल्या निवृत्त पाटबंधारे अभियंत्यांना, कार्यकर्त्यांना ते पटले नाही. कृती समिती काढून ते आकडे घेऊन भांडतात. तिकडे कृष्णा लवादाने 2010 साली आलमट्टीची पातळी 519.60 वरून 524.256 मीटर करायला कर्नाटकला मुभा दिली. 2025 मध्ये कर्नाटकाने त्यासाठी जमिनीचे पाऊल उचलले, महाराष्ट्राने विरोध केला. लवादापुढे पक्षकार फक्त राज्ये. शिरोळचा शेतमजूर पक्षकार नाही, मिरजेचा हातगाडीवाला नाही. मग त्यांचे म्हणणे राज्याच्या तोंडी घालायचे कुणी?

खरे तर हे काम आपल्याला इतरांपेक्षा सोपे आहे. आपली सोयरीक मिरजेहून निपाणी, चिकोडी, विजापूरपर्यंत पसरलेली. पातळी वाढली की विजापूर-बागलकोटकडची जमीन पाण्याखाली जाते. म्हणजे भाच्याचे घर पुरात आणि मामाचे शेत धरणात! दोन सरकारे एकमेकांशी वकिलांमार्फत बोलतात. आपण लग्नात, उरुसात समोरासमोर बसतो, आणि बोलतो बिर्याणीवर.

आमचे पुढारी म्हणतात, ‘सियासत गंदी चीज है.’ हेच पुढारी निवडणुकीच्या आदल्या रात्री मोहल्ल्याची मते मोजून देतात. पाच वर्षांत त्यांची मागणी काय, तर कब्रस्तानची भिंत. भिंत हवीच, पण पुराचे पाणी कब्रस्तानात शिरते तेव्हा भिंत काय करते? कुरआनात ‘शूरा’ नावाची अख्खी सूरा आहे. मशवऱ्याची महती वाअजमध्ये सांगायची आणि गावाच्या मशवऱ्याला पाठ दाखवायची, हा कुठला दीन?

ग्रामसभेला शंभर माणसे किंवा मतदारांच्या 15 टक्के, जे कमी असेल ते लागते. तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-बारा जण गावाचे ठरवतात आणि आपण वर्षभर त्यांच्या नावाने खडे फोडतो. ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. आमच्या किती मोहल्ल्यांत हे ठाऊक आहे? उर्दू शाळेत मी हे परीक्षेपुरते शिकवते. मुली पाठ करतात, गुण मिळवतात. त्यांच्या आयांना मात्र सभेचा निरोपही पोचत नाही.

‘आपण बोललो की आपल्यालाच वेगळे पाडतात’, हे खोटे नाही. तोंड उघडले की संशय घेणारे गावोगाव आहेत. पण नदीबद्दल विचारणाऱ्याला कोण म्हणणार की हा तुझा विषय नव्हे? त्याच्या दारातही तेवढेच पाणी आलेले असते.

1 मेची ग्रामसभा पावसाच्या आधी येते. तिथे ठराव मांडा : जून ते ऑक्टोबर, कोयना आणि आलमट्टीची पातळी व विसर्ग रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. तोच आकडा मशिदीच्या फळ्यावर उर्दूत उतरवायला आपल्याला कुणाची परवानगी नको. पाटबंधारे खात्याने आकडा दिला नाही, तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. अनुमोदक शेजारच्या आळीतला असेल तर फारच उत्तम.